घरातला सगळ्यांचा कॉम्प्युटर सारखा हँग होतोय: नेमकं कारण कसं शोधावं

एकाच कॉम्प्युटरवर घरातली चार माणसं काम करत असली की तो हँग का होतो याची चार उत्तरं घरात तयार असतात. बहुतेक वेळा दोष गेम खेळणाऱ्या मुलावर जातो आणि कोणीतरी 'फॉरमॅट मारून टाका' असा सल्ला देतं. फॉरमॅट केल्यावर, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्यावर, काही दिवस बरं वाटतंही. पण डिस्क (फाइल साठवण्याची जागा) खराब असेल, रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) अपुरी असेल किंवा एकाचं लॉगिन चालू ठेवून दुसरा बसण्याची सवय असेल, तर थोड्या आठवड्यांत पुन्हा तेच सुरू होतं. शिवाय फॉरमॅटमध्ये विंडोजने ठेवलेल्या चुकांच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि कारण शोधायला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच असतो. म्हणून फॉरमॅट अगदी शेवटी. खाली दिलेलं सगळं विंडोज १० आणि ११ ला लागू आहे.

आधी कोणत्या प्रकारचा हँग आहे ते ओळखा

पडदा अडकला की लगेच पॉवर बटण दाबू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा आणि त्याचा दिवा बघा. वायरलेस कीबोर्डवर बऱ्याचदा हा दिवा नसतो, तेव्हा तपासणीपुरता साधा वायरचा कीबोर्ड लावून ठेवा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघत बसलंय. दिवा अजिबात बदलत नसेल, माऊसचा बाण जागचा हलत नसेल आणि चालू असलेला आवाज एकाच सुरावर घरघरत राहिला असेल, तर यंत्र पूर्ण थांबलंय. अशा वेळी संशय रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र चालवणारा प्रोग्राम), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) आणि उष्णता यांच्यावर जातो.

घरच्या कॉम्प्युटरवर जास्त दिसतो तो दुसरा प्रकार. बाण हलतो, पण क्लिक लागत नाही. स्टार्ट मेनू उघडत नाही. मिनिटभराने मधल्या काळात केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि पाच खिडक्या उघडतात. इथे दोष जवळजवळ नेहमी डिस्कचा किंवा कमी पडणाऱ्या रॅमचा असतो. कॅबिनेटवर डिस्कचा छोटा दिवा असेल तर तो या काळात सतत पेटलेला दिसेल.

तिसऱ्या प्रकारात एकच प्रोग्राम अडकतो, त्याची खिडकी फिकट होते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. बाकी सगळं चालू असतं. याचा कॉम्प्युटरच्या तब्येतीशी संबंध असेलच असं नाही. तोच प्रोग्राम रोज अडकत असेल तर तो काढून नव्याने टाका, ब्राउझर असेल तर त्याची एक्स्टेन्शन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) एकेक करून बंद करा.

पडदा काळा पडला किंवा चित्र गोठलं पण आवाज नीट चालू आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा लुकलुकून चित्र परत आलं तर दोष ग्राफिक्सकडे आहे हे जवळपास ठरलंच.

दुसऱ्या प्रकारच्या हँगमध्ये निदान दोन-तीन मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतो का बघा. पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरणं हा अगदी शेवटचा मार्ग. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज तोडली तर फाइल बिघडतात, आणि बिघडलेल्या फाइलमुळे पुढचे हँग वाढतात.

कीबोर्डशेजारी एक कागद ठेवा

सगळ्यांच्या कॉम्प्युटरला ही गोष्ट एकट्याच्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त लागते, कारण हँग होताना पाहणारी व्यक्ती आणि दुरुस्त करणारी व्यक्ती वेगवेगळी असते. कागदावर रकाने आखा: तारीख आणि वेळ, कोणाचं लॉगिन होतं, आधी दुसऱ्या कोणी साइन आउट न करता उठलं होतं का, काय काय उघडं होतं, कॅप्स लॉकचा दिवा बदलत होता का, कॉम्प्युटर आपोआप सुटला की बंद करावा लागला, पेनड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडलेला होता का. ओळ प्रत्येकाने भरायची, आजी-आजोबांनीसुद्धा. आठवड्याभरात चित्र दिसू लागतं.

फक्त एकाच्याच लॉगिनमध्ये हँग होत असेल तर त्याच्या खात्यात सुरू होणारे प्रोग्राम, एक्स्टेन्शन किंवा बिघडलेलं प्रोफाइल यांत शोधा. पडताळण्यासाठी एक नवं खातं तयार करा आणि त्या व्यक्तीला दोन-तीन दिवस तेच वापरू द्या. नव्या खात्यात सगळं सुरळीत असेल तर हार्डवेअरवर पैसे घालवू नका. सगळ्यांच्याच खात्यांत होत असेल तर यंत्राकडे बघा. कॉम्प्युटर चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटंच अडकत असेल तर अपडेट, क्लाउड सिंक (इंटरनेटवरच्या साठ्याशी फाइल जुळवणं) किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन चाललेलं असतं. जो कॉम्प्युटर चार-पाच दिवसांनी एकदा लागतो त्याच्यावर हे सगळं एकदम येऊन पडतं, आणि नेमकं तेव्हाच कोणाला तरी घाईने फॉर्म भरायचा असतो. अशा कॉम्प्युटरला आठवड्यातून एकदा तासभर नुसता चालू ठेवा, कोणी बसू नका. तेवढ्याने पहिल्या पंधरा मिनिटांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

या कागदाच्या नोंदी विंडोजच्या नोंदींशी जुळवून बघता येतात. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसवार आलेखात लाल खुणा दिसतात, खुणेवर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम कधी कोसळला ते कळतं. आणखी खोलात जायचं तर स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर', त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम'. हँगच्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही ओळ बऱ्याचदा सापडेल, आणि ती बघून बरेच जण एसएमपीएस बदलतात. ही ओळ एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केला तरी ती येते. तिच्यावरून काही ठरवू नका, तिच्या आधीच्या काही मिनिटांतल्या ओळी बघा.

मागे उघडी राहिलेली लॉगिनं

सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर सर्वांत आधी तपासायचं कारण हेच, आणि यावर खर्च शून्य आहे.

विंडोजमध्ये 'लॉक', 'स्विच यूजर' आणि 'साइन आउट' हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या दोन्हींत आधीच्या माणसाचे सगळे प्रोग्राम मागे चालूच राहतात. ताईने ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवून लॉक केलं, बाबांनी त्यावरूनच आपलं लॉगिन केलं, मग धाकट्याने गेम सुरू केला, तर त्या क्षणी रॅममध्ये तिघांचा संसार असतो. ८ जीबी रॅममधला अडीच-तीन जीबीचा वाटा तर विंडोज आणि त्याच्या सेवाच घेतात. डझनभर टॅब उघडलेला ब्राउझर एक-दोन जीबी सहज खातो. तिघांचं मिळून रॅम संपते आणि विंडोज मागच्या लॉगिनांमधला मजकूर उचलून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकू लागतं. ताई परत आली की तिचं सगळं डिस्कवरून पुन्हा रॅममध्ये आणावं लागतं. डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल तर यात मिनिट-दोन मिनिटं जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर हँग झाला. माणूस बदलतानाच हँग होतो, अशी नोंद कागदावर वारंवार दिसली तर कारण हेच समजा.

पडताळा असा घ्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून टास्क मॅनेजर उघडा आणि 'यूजर्स' टॅबवर जा. जितकी लॉगिनं जिवंत आहेत तितक्या ओळी दिसतील, प्रत्येकासमोर रॅमचा आकडा. बाण उघडला की कोणता प्रोग्राम किती खातोय तेही दिसतं. नको असलेल्या ओळीवर उजवं क्लिक करून 'साइन ऑफ' करता येतं, पण त्या माणसाचं न साठवलेलं काम त्यात जातं. आधी विचारा. मग 'परफॉर्मन्स' टॅबमधल्या 'मेमरी' वर जाऊन 'कमिटेड' या शब्दाखालचे दोन आकडे बघा. पहिला आकडा दुसऱ्याच्या अगदी जवळ पोचला असेल तर रॅम आणि पेज फाइल दोन्ही संपत आल्या आहेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'रिसोर्स-एक्झॉस्शन-डिटेक्टर' आणि २००४ हा क्रमांक दिसला तर विंडोजनेही तेच निदान केलंय. काही जण वेग वाढवण्यासाठी पेज फाइल बंद करायला सांगतात. ते करू नका. तिची मर्यादा विंडोजलाच ठरवू द्या.

उपाय म्हणजे घरात एक नियम: उठताना साइन आउट. लॉक फक्त पाणी प्यायला उठताना. सोबत प्रत्येकाच्या खात्यात जाऊन पुढच्या गोष्टी करा. एकाच्या खात्यातून या सगळ्यांसाठी होत नाहीत, म्हणून घरातल्या प्रत्येकाला पाच मिनिटं बसवावंच लागतं.

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीतून चॅटची अ‍ॅप, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, पीडीएफचे अपडेटर असे लॉगिनसोबत सुरू होणारे प्रोग्राम बंद करा. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम' मध्ये, क्रोम बंद केल्यावरही मागे अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स' मध्ये तसाच पर्याय आणि 'स्टार्टअप बूस्ट' हे दोन्ही बंद करा. विंडोजच्या 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'साइन-इन ऑप्शन्स' मध्ये दोन गोष्टी बघा. एक पर्याय साइन इन केल्यावर मागची अ‍ॅप पुन्हा उघडतो. दुसरा अपडेटनंतर तुमचं खातं आपोआप आत घेऊन तयारी पूर्ण करतो, म्हणजे तुम्ही न बसताही तुमचं लॉगिन मागे उघडं असतं. दोन्ही बंद ठेवलेले बरे.

क्लाउडचा घोळ वेगळा. घरातल्या फोटोंचं एकच सामाईक फोल्डर दोन-तीन खात्यांत सिंक होत असेल तर तेच फोटो डिस्कवर दोन-तीनदा उतरतात आणि प्रत्येक बदलाला डिस्क दोन-तीनदा राबते. सिंक एकाच खात्यात ठेवा. इतरांनी ब्राउझरमधून बघितलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रोज रात्री शटडाउन करूनही कॉम्प्युटर ताजातवाना होत नाही, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असतो. त्यात लॉगिनं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तसेच परत उचलले जातात. टास्क मॅनेजरच्या 'सीपीयू' पानावर 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवर तिथे दहा-पंधरा दिवस दिसले तर फास्ट स्टार्टअप चालू आहे. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. फास्ट स्टार्टअप बंद करायला कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरच्या चौकोनातली खूण काढा. चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, तेवढं सोसण्यासारखं आहे.

एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक आजच काढा. एकाने घातलेला, दुसऱ्याने नकळत कशासोबत तरी उतरवलेला, असं घरोघरी असतं. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात आणि एकमेकांची वाट अडवतात. हे पुन्हा होऊ नये म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं एकच ठेवा, बाकी सगळ्यांना 'स्टँडर्ड' खाती द्या. मोठ्यांनाही.

डिस्क

लॉगिनं साफ करूनही हँग थांबला नाही तर डिस्ककडे वळा. पण डिस्कवर कोणतीही तपासणी सुरू करण्याआधी फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर लांबलचक दुरुस्ती चालवली तर ती त्या दुरुस्तीतच जाऊ शकते. घराचे फोटो परत येत नाहीत, म्हणून हा क्रम मोडू नका.

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' मध्ये डिस्कवर क्लिक करा. ती एचडीडी (जुनी फिरती डिस्क) आहे की एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) हे तिथेच लिहिलेलं असतं. हँगच्या वेळी 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के दिसणं नेहमीचंच, खरा आकडा 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' चा. कामात असलेल्या एचडीडीवर तो काही दहा मिलिसेकंद असणं ठीक आहे. तो शेकड्यांत किंवा हजारांत गेला आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग नुसता काही केबी असेल, तर डिस्क एखाद्या खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये स्रोत 'डिस्क' आणि क्रमांक ७, ५१ किंवा १५३, किंवा 'स्टोराएचसीआय' आणि १२९ दिसले तर शंका पक्की होत जाते. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करून बघावं लागलं. १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं. पडदा अर्धा ते एक मिनिट गोठून पुन्हा सुटतो तेव्हा ही १२९ बऱ्याचदा सापडते.

आता 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम चालवा. निळं 'गुड', पिवळं 'कॉशन' आणि लाल 'बॅड' एवढं बघून थांबू नका. एचडीडीसाठी चार ओळी वाचा: ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे बदलून टाकलेल्या खराब जागा, सी५ म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकाल लागायच्या बाकी असलेल्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या. सी५ मध्ये शून्याखेरीज काहीही असेल तर ती डिस्क घरच्या कामासाठी ठेवू नका. सी७ मात्र वेगळी आहे, ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या केबलची चूक दाखवते. ती वाढत असेल तर साटा केबल बदला आणि बोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टला लावा. हा अगदी स्वस्त इलाज असून बरेच जण यातच चांगली डिस्क फेकून देतात. जुना आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. या प्रोग्राममध्ये आकडे मुळात षोडशमान पद्धतीने दिसतात, मेनूमधून ते नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घ्या, नाहीतर साध्या आकड्यानेही घाबरायला होतं.

एनव्हीएमई एसएसडीला, म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या वेगवान वाटेने जोडलेल्या एसएसडीला, या ओळी नसतात. तिथे 'पर्सेंटेज यूज्ड', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' बघा. शेवटचा आकडा शून्य असायला हवा. एसएसडी निरोगी दिसूनही १२९ येत असेल तर तिच्या निर्मात्याचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि प्रगत पॉवर सेटिंगमध्ये 'पीसीआय एक्सप्रेस' खालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून बघा.

जागेचं गणितही घरात फसतं. सी ड्राइव्हवर १५ टक्के तरी जागा मोकळी हवी. पण प्रत्येक खात्याचं रिसायकल बिन आणि डाउनलोड फोल्डर वेगळं असतं, त्यामुळे तुम्ही तुमचं रिकामं केलंत तरी इतरांच्यातले सिनेमे तसेच राहतात. प्रत्येकाने आपापलं रिकामं करायचं.

डिस्क चांगली आहे, पण एचडीडीच आहे, आणि कॉम्प्युटर तीन-चार माणसांचा आहे, तर माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यात आधी एसएसडी घाला. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर विखुरलेली वाचनं करू शकते, साधी साटा एसएसडी हजारोंनी करते. माणसं अदलाबदल करताना लागतात ती नेमकी विखुरलेलीच वाचनं. जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल काढून, सगळ्यांची खाती जशीच्या तशी नव्या डिस्कवर येतात. सी५ दाखवणारी डिस्क क्लोन करू नका, विंडोज नव्याने टाका आणि फाइल बॅकअपमधून आणा. लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू खाच (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) असेल तर ती साटा चालवते की एनव्हीएमई हे मॅन्युअलमध्ये बघूनच खरेदी करा, दोन्ही सारख्याच दिसतात. जुनी डिस्क फोटोंसाठी दुसरी म्हणून जोडून ठेवता येते.

डिस्क बदलण्याआधी किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदलण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच विंडोज ११ कॉम्प्युटरवर हे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आधीपासून चालू असतं आणि की ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला त्याच्या खात्यात असते. घरात हे खातं कोणाचं होतं हेच आठवत नाही आणि मग सगळा डेटा समोर असून बंद राहतो.

यंत्र पूर्ण गोठत असेल तर

कॅप्स लॉकचा दिवा बदलत नाही, या प्रकारासाठी आधी विंडोजला बाजूला काढा. कॉम्प्युटर सुरू करताना बायोसच्या पडद्यावर जा आणि तिथेच अर्धा तास सोडून द्या. मध्येमध्ये बाण हलवून बघा. तिथेही गोठला तर विंडोज, व्हायरस, गेम या कशाचाच संबंध नाही. दुसरी चाचणी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणाली) 'ट्राय' पर्यायाने चालवण्याची. डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालतं. दोन तास व्हिडिओ लावून ठेवा. तिथे गोठला तर रॅम, एसएमपीएस, बोर्ड, ग्राफिक्स किंवा उष्णता. तिथे नीट चालला तर डिस्क किंवा विंडोज. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं, त्याला हँग समजू नका. चाचणीच्या वेळी प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब सगळं काढून ठेवा. बिघडलेला हब किंवा बाहेरची मरू घातलेली डिस्क अख्खा कॉम्प्युटर अडवू शकते.

रॅमसाठी स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधून चालवा. पण त्यात काही सापडलं नाही तर निर्धास्त होऊ नका, रात्रभर 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवरून चालवा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक आली तरी रॅम किंवा तिची खाच खराब. कोणती, हे ओळखायला एकेकच पट्टी लावून तपासा. चूक पट्टीसोबत फिरली तर पट्टी, खाचेसोबत राहिली तर बोर्ड. पट्ट्या काढून सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कपड्याने पुसून, दोन्ही बाजूंच्या कडा टक् वाजेपर्यंत बसवल्या की काही वेळा तेवढ्यानेच त्रास जातो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणारे पर्याय) चालू असेल तर बंद करून बघा.

उष्णतेबद्दल गैरसमज फार आहेत. प्रोसेसर तापला की आधी तो स्वतःचा वेग कमी करतो, फारच तापला तर कॉम्प्युटर तडकाफडकी बंद होतो. नुसतं चित्र गोठून राहणं हे प्रोसेसरच्या उष्णतेचं नेहमीचं लक्षण नाही, ग्राफिक्स कार्डाचं असू शकतं. 'एचडब्ल्यूइन्फो' मध्ये आकडे बघा: रिकामा असताना ३५ ते ५० अंश सेल्सिअस, जड कामात ७० ते ८५ ठीक. ९५ च्या वर टिकून राहत असेल तर साफसफाई हवी. वीज काढा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट मोकळ्या हवेत न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा. पातं सुटं ठेवलं तर ते जोरात फिरून बेअरिंग बिघडतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डावर फिरवू नका, त्यातून स्थिर वीज उतरते. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर ते बाहेर काढा.

एसएमपीएसचा संशय असेल, म्हणजे गेम सुरू करताच गोठतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो, तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच खात्रीची चाचणी. तो उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

व्हिडिओ बघतानाच गोठत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले' ४१०१ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याकडून नव्याने घ्या. अलीकडच्या अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर'. तोवर ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याचा पर्याय) बंद ठेवलं तर काम चालतं.

विंडोजच बिघडलं असेल तर

'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून 'सर्व्हिसेस' मध्ये आधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायच्या खुणेवर क्लिक करा, मग उरलेल्या सगळ्या बंद करून रीस्टार्ट करा. ही लपवण्याची पायरी चुकवली तर साइन इन करणंही अवघड होऊ शकतं. हँग थांबला तर निम्म्या सेवा चालू करा, पुन्हा बघा, असं निम्मं-निम्मं करत दोषी शोधा. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. सिस्टिम फाइल तपासायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एस-एफ-सी ही तीन अक्षरं, एक जागा, स्लॅश आणि त्याला चिकटून 'स्कॅननाऊ' असं इंग्रजीत लिहा (sfc /scannow).

कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी रॅम असेल तर यातल्या कशानेही फार फरक पडणार नाही. विंडोज ११ ची किमान अट तेवढीच असली तरी ती एका माणसासाठीसुद्धा अपुरी पडते. तीन-चार जणांसाठी १६ जीबी घ्या. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती खाचा भरल्यात आणि रॅमचा वेग किती ते दिसतं. डीडीआर३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ते वापरतच नाही, आधी ६४-बिट टाका.

फॉरमॅट करायची वेळ आलीच, म्हणजे बायोस आणि लिनक्सच्या चाचण्या नीट पार पडल्या, डिस्क निरोगी आहे, नव्या खात्यातही हँग होतो, तर करा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून यंत्र अट पूर्ण करत असेल तर नव्याने टाकताना ११ च टाका. पुसण्याआधी प्रत्येक खात्यात जाऊन डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स तीनही फोल्डर उतरवा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क ज्याचे त्याने एक्स्पोर्ट करायचे, कारण दुसऱ्याच्या खात्यातून ते निघत नाहीत. उतरवलेली बाहेरची डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून फोटो खरंच उघडतात का बघा, मगच पहिली डिस्क पुसा.